सर, ते वाक्य माझं होतं

सर, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहावं एवढी माझी योग्यता नाही. तुमच्याबरोबर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांनी लिहायला हवं होतं. मी तुमच्या हाताखाली एकच वर्ष होतो, आणि त्या वर्षात माझ्याकडून जे झालं ते ठाऊक असतं तर कुणी माझ्यापुढं कागद ठेवला नसता. पण आमच्या तुकडीनं तुमच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढायचं ठरवलंय, आणि बापूचं कार्ड आलं, "तूच लिही गड्या. तू लय ग्वाड लिवतोस."

चार वर्षांपूर्वी होस्टेलच्या व्हरांड्यात माझी वही मागताना तो अगदी हेच म्हणाला होता. तेव्हापासून मला माझ्या लिहिण्याची भीती वाटते.

कार्ड येऊन बारा दिवस झाले. चार वेळा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी तुमच्या स्वभावाबद्दल काहीतरी चांगलं लिहिलं आणि पान फाडलं. तुमचे गुण सांगणारा मी कोण? मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. तुम्ही होता तोवर ती सांगितली नाही. आता तुम्ही ऐकू शकत नाही तेव्हा धीर आलाय, याचीही लाज वाटते. छापायचं की नाही ते बापूनं ठरवावं.

सांगलीला विश्रामबागेतल्या त्या बी.एड. कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. थोरला भाऊ पलटणीत, वडील आणि धाकटा उसात. उंब्रजहून ट्रंक घेऊन निघालो तेव्हा आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, "आमचा आता मास्तर हून येनार." पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की मास्तर होणं म्हणजे नुसतं शिकवायला शिकणं नव्हे. पांढरा सदरा, शनिवारी खादी. सकाळी मैदानावर प्रार्थना, प्रतिज्ञा, आणि मग प्राचार्यांचं भाषण. आदर्श शिक्षक कसा असतो ते त्यात रोज सांगितलं जाई. आदर्श शिक्षक हॉटेलात चहा पीत नाही. आदर्श शिक्षक मोठ्यानं हसत नाही. भाषण संपवून प्राचार्य आपल्या खोलीकडं जात, तेव्हा सगळे प्राध्यापक आपापल्या दारात उभे राहत. आतून पंख्याचा आवाज आला की मगच हलायचं. तुम्हीही उभे राहायचात, सर. फक्त तुमच्या बोटांत खडू असायचा आणि तो सारखा फिरत असायचा. बापू म्हणायचा, "सोहनी सरांचा तेवढा खडू शिस्तीत न्हाई बघ."

त्यात ते आणीबाणीचं वर्ष. पाठ घेण्याआधी जे टाचण लिहावं लागे त्यात त्या वर्षी एक नवा रकाना आला. या पाठातून कोणतं राष्ट्रीय मूल्य रुजेल आणि सरकारच्या वीस कलमांपैकी कोणतं कलम साधेल, ते लिहायचं. रकाना कोरा तर पाठ रद्द. बापूचा अपूर्णांकांचा पाठ होता. त्यानं लिहिलं, 'देश अपूर्णांक राहू नये ही जाणीव.' ते वाचून तुम्ही चष्मा काढलात आणि डोळे पुसलेत.

"बापू, याचा छेद काय आणि अंश काय?"

"ते न्हाई ठाव सर. रकाना भरायचा हुता."

तुम्ही खाली सही केलीत. दुसरं काही लिहिलं नाहीत.

तुमचे रकाने वेगळे होते. आम्हा शिकाऊ शिक्षकांना एकमेकांचे आणि प्राध्यापकांचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहावे लागत, आणि जे पाहिलं ते एका वहीत टिपावं लागे. ती निरीक्षण वही. ठरलेले पाठ तिच्यात भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नसत. पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर उभी रेघ मारलीत. डावीकडं लिहिलंत 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. आणि म्हणालात, "डावीकडचं वहीत लिहून द्या. उजवीकडचं घरी ठेवा. ते खोटं असतं असं नाही. पण ते तुमचं असतं, आणि पाठ दुसऱ्याचा असतो."

मी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, कळलं.

तुमच्याशी माझा वाद झाला तो माझ्या दुसऱ्या पाठानंतर. पाचवीतल्या एका पोरानं उत्तर दिलं, "पानी न्हाई मिळालं तर बैलं मरत्याल की." मी त्याला तीन वेळा 'नाही' आणि 'मरतील' म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळेला ते पोर रडकुंडीला आलं. पाठ संपल्यावर तुम्ही मला मैदानातल्या लिंबाखाली नेलंत.

"त्यानं उत्तर बरोबर दिलं होतं का चूक?"

"बरोबर होतं सर. पण भाषा—"

"बैल मेले असते का नसते?"

मला राग आला. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो तसं आजवर कुणा मोठ्या माणसाला बोललेलो नाही. म्हणालो, "सर, तुम्ही सांगलीच्या गावभागातले, जुन्या वाड्यांतले. तुमचं 'आहे' जन्मापासून 'आहे'च आहे. आम्हाला ते एकेक करून मिळवावं लागलं. मी त्या पोराला 'हाय'वर सोडलं तर ते तिथंच राहील, आणि उद्या कचेरीत कुणी त्याला बस म्हणणार नाही."

तुम्ही रागावला नाहीत. लिंबोळ्या चपलेनं बाजूला सारल्यात. मग म्हणालात, "याचं उत्तर माझ्याकडं आज नाही. शोधतो." प्राध्यापक असं बोलतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून मी तुमच्यावर इतका जीव टाकला, सर, की शहाणपण राहिलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं. वैर असतं तर मी असं काही लिहिलं नसतं.

थंडीचे दिवस होते. आम्हाला दाखवण्यासाठी तुम्ही स्वतः एक पाठ घेणार होता, सातवीच्या वर्गावर. तो सगळ्यांनी पाहणं सक्तीचं होतं. पण नेमका त्याच सकाळी मिरजेला कुटुंबनियोजनाचा मेळावा निघाला आणि प्राचार्य जवळजवळ सगळ्या तुकडीला फलक देऊन घेऊन गेले. सर्दी-तापाचे आम्ही सातजण तेवढे मागं राहिलो. मी शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलो होतो.

तुम्ही वर्गात आलात. पोरं उठली, बसली, हाताची घडी, तोंडावर बोट. टाचणी पडली तर ऐकू आली असती. तुम्ही ते पाहिलंत आणि विचारलंत, "ही शिस्त आहे का भीती?"

मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी बोट न काढताच म्हणाली, "दोन्ही, सर."

"मग बोट काढून सांग."

वर्ग हसला. तुम्ही मुंग्यांचा धडा काढलात. मुंग्या शिस्तीत चालतात का भिऊन चालतात, यावर पोरं भांडायला लागली. एकजण उठून म्हणाला, "मुंग्यांस्नी मास्तर न्हाई सर, मंग भ्यायच्या कुनाला?" तुम्ही मोठ्यानं हसलात. तास संपला. एवढंच झालं. राजकारणाचा एक शब्द तुम्ही काढला नाहीत. मी शपथेवर सांगतो.

संध्याकाळी होस्टेलात मी वही लिहायला घेतली. अंगात ताप होता, पण तापाचं निमित्त मी सांगणार नाही. सगळा पाठ जसा झाला तसा लिहिला. आणि शेवटी लिहिलं, 'सध्याच्या काळात हा प्रश्न वर्गात विचारणे हे मोठे धाडस आहे.'

त्या दिवशी मी पानावर रेघ मारली नव्हती, सर. वर्षभरात तेवढ्या एकाच पानावर. मला ते वाक्य घरी ठेवायचं नव्हतं. ते तुम्ही वाचावं असं वाटत होतं. तुमच्या सहीसाठी वही जाईल, तुम्ही वाचाल, तुम्हाला कळेल की उंब्रजच्या या पोराला तुम्ही कळला आहात. इतकी साधी हाव होती.

मग पायांवर मिरजेची धूळ घेऊन बापू आला. "गड्या, वही दे की. तू लय ग्वाड लिवतोस. त्यो मुंग्यांचा पाठ भराय पायजे." निरीक्षणं उतरवून घेणं ही आमच्याकडची रीतच होती, तुम्हालाही ते माहीत असणार. पण वाचून उतरवायची कुणाची तयारी नसे. माझी वही त्या खोलीतून या खोलीत गेली. सकाळी मुलींच्या होस्टेलात गेली. तीस जणांनी ती ओळ न ओळ उतरवली. 'मी शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलो होतो' हेसुद्धा. मुलींनी तेवढं 'बसले होते' केलं. त्या एका बाकावर तीसजण बसले, सर, आणि तीसही जणांना तुम्ही धाडसी वाटलात.

आठ दिवसांनी फर्मान निघालं. नवा रकाना नीट भरलाय का ते प्राचार्य स्वतः तपासणार, टाचणाच्या आणि निरीक्षणाच्या सगळ्या वह्या त्यांच्याकडं द्याव्यात. माझं वाक्य तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. ते तिकडं गेलं.

एकेकाला आत बोलावलं गेलं. बाहेर बाकावर बसलेले आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो. त्या दिवशी हे लोक मिरजेला होते आणि त्यांना खुद्द प्राचार्यांनीच नेलं होतं, हे आतल्या माणसाला ठाऊक होतं आणि बाहेरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायचं म्हणजे वही खोटी आहे म्हणून कबूल करायचं. वही खोटी म्हणजे परीक्षा नाही. बापू बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "म्या व्हय म्हनलं. काय करनार?"

माझी पाळी आली. प्राचार्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बसा."

सर, मी तुम्हाला लिंबाखाली म्हणालो होतो ना? आमच्या घरातल्या कुणालाही कुठल्याही कचेरीत आजवर बसा म्हटलेलं नव्हतं. माझे वडील तलाठ्यासमोर उभे, भाऊ साहेबासमोर उभा. मी त्या खुर्चीवर बसलो. थंडीतही पंखा चालू होता. माझी वही उघडी होती आणि त्या वाक्याखाली लाल रेघ होती.

"हे वर्गात झालं ते लिहिलंय, का तुमच्या मनाचं?"

एवढाच प्रश्न. मी म्हणायला हवं होतं, शेवटचं वाक्य माझ्या मनाचं आहे, सरांनी फक्त मुंग्या शिकवल्या. म्हणालो असतो तर काळाबद्दल बोलणारा मी ठरलो असतो. तेव्हा तेवढ्यावरून माणसांना घरातून उचलून नेत होते, आम्हाला ऐकून ठाऊक होतं. आईनं आळीला सांगितलेलं आठवलं. खुर्चीचा हात धरून मी म्हणालो, "वर्गात झालं, सर."

'वरील मजकूर वर्गात घडल्याप्रमाणे आहे' असं खाली लिहायला लावलं. मी लिहिलं. सही केली. माझं अक्षर तेव्हाही वळणदारच आलं.

तुमची बदली पाटणच्या वरच्या अंगाला, कॉलेजच्याच संस्थेच्या डोंगरातल्या शाळेवर झाली. पाचवी ते सातवी, मराठी आणि कवायत. निरोप समारंभ झाला नाही. जाण्याआधी तुम्ही आमची राहिलेली टाचणं तपासून शिपायाकडं पाठवलीत. माझ्या टाचणाच्या वहीत त्या पाचवीच्या पाठाखाली तुमच्या अक्षरात एक ओळ होती, 'उत्तर अजून सापडलेले नाही. तुम्हीही शोधत राहा.' ती वाचून मी संडासात जाऊन रडलो, कारण होस्टेलात दुसरी कुठं कडी नव्हती.

मी पास झालो. मास्तर झालो. वाईजवळच्या शाळेत लागलो, आणि आता बाहेरून एम.ए.ला बसतोय. तुम्ही जे शिकवलंत त्यावरच माझे बरे तास उभे आहेत. पोर चुकलं की मी आधी बैल मेले असते का ते बघतो. पण खरं सांगू का, साहेब तपासणीला येणार म्हटलं की माझ्याच तोंडून येतं, "हाताची घडी, तोंडावर बोट." पोरं बोट ठेवतात. मी त्यांच्याकडं बघू शकत नाही.

आणीबाणी उठली. तुरुंगातली माणसं सुटून आली, सांगलीत त्यांना हार घातले गेले. मी वाट पाहत होतो की तुम्हालाही परत बोलावतील. कॉलेजात चौकशी केली तर एक प्राध्यापक म्हणाले, "अहो, शिक्षा कुठं झाली होती? बदली होती ती. मागं घ्यायचं काय?" प्राचार्य तेच होते. पंखा तोच होता. भाषणातलं 'अनुशासन' जाऊन 'लोकशाही' आलं होतं, आणि सगळे आपापल्या दारात उभे राहूनच ते ऐकत होते.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही कऱ्हाडच्या स्टँडवर दिसलात. खांद्याला शबनम, हातात पोरांसाठी घेतलेल्या नकाशाची गुंडाळी. मला पळून जावंसं वाटलं. पण तुम्हीच हाक मारलीत, "काय उंब्रजकर, वर्गात पोरं बोलतात का?"

"व्हय सर," मी म्हणालो. तोंडून तेच आलं.

तुम्ही केवढे हसलात! मला कँटीनमध्ये नेलंत. डोंगरातल्या पोरांच्या गोष्टी सांगत राहिलात. ती पोरं पावसाला किती नावांनी हाक मारतात ते सांगितलंत. तुमचे केस पिकले होते, चढाचा त्रास होतो म्हणालात, पण तक्रारीचा शब्द नव्हता, आणि त्यानं मला जास्त मारलं. मी कप खाली ठेवला. "सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या वहीतलं—"

तुम्ही मध्येच विचारलंत, "नोकरी पक्की झाली का तुमची?"

"अजून नाही सर. दुसरं वर्ष आहे."

"मग पक्की होऊ द्या. पक्की झाल्यावर बोलू."

मला वाटलं, तुम्हाला गाडीची घाई आहे. मला बरंही वाटलं, हे लपवत नाही.

नोकरी पक्की झाली त्याला आता दीड वर्ष झालं. वाईहून पाटण किती लांब? एका दिवसात जाऊन येता येतं. जूनमध्ये जाणार होतो, मग म्हटलं दिवाळीच्या सुट्टीत. दिवाळीत बहिणीचं लग्न ठरवायचं निघालं. मग म्हटलं, परीक्षा होऊ देत. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, सर. खरी कारणंच मला पुरली. तुम्ही गेल्याचं बापूनं कळवलं तेव्हा मी शाळेत होतो. मी घंटेपर्यंत शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

मला वाटलं होतं की आता निदान एवढं तरी माझं आहे: एक गुन्हा, तुम्हाला न सांगितलेला, जन्मभर बाळगायचा. शोकसभेला सांगलीला गेलो तो तेच घेऊन. सभेत प्राचार्यांचं भाषण झालं. तुम्ही आदर्श शिक्षक होता असं ते म्हणाले. मी मागच्या दारानं बाहेर व्हरांड्यात आलो. तिथं कॉलेजचे जुने हेडक्लार्क उभे होते, आता रिटायर झालेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी मला निरखून पाहिलं.

"तुमी त्येच न्हवं, उंब्रजचे? वळणदार अक्षराचे?"

मी मान हलवली.

"तुमची वही म्याच फायलीला लावलीया. अजून हाय ती." मग सभेकडं पाठ करून ते हळू आवाजात बोलू लागले. "प्राचार्यसाहेबांनी सोहनी सरांस्नी बोलावलं आन् वह्यांची चळत फुडं सारली. म्हनले, तीस जनांनी ऐकलंय. सरांनी चळतीतनं एकच वही काढली. तुमची. वाचली सगळी. ह्ये लिवणाऱ्या पोराचं काय हुईल, म्हून इचारलं. साहेब म्हनले, ज्याचं वाक्य त्याचं बघू. तवा सरांनी माज्याकडं कागद मागितला. लिवलं, 'सदर वाक्य मी वर्गात उच्चारले व छात्राध्यापकांना उतरवून घेण्यास सांगितले. त्यांचा दोष नाही.' सही केली आन् गेले."

"कधी?" मी विचारलं.

"तुमाला आत बोलवायच्या आदल्या दिवशी. तुमी खुर्चीवर बसला तवा त्यो कागद टेबलावर हुता की. साहेबांनी उपडा घालून ठेवलावता." भाऊसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "सरांनी मला तवाच सांगून ठेवलं हुतं, भाऊसाहेब, ह्ये त्या पोराला कळू दिऊ नका, त्याला अजून वर्गावर हुबं ऱ्हायचंय. आता सरच न्हाईत, म्हून सांगितलं."